दीपगृहाचा चमचा

१

"वन्सं, घरात चोरी झालीय," वहिनी फोनवर म्हणाल्या. "गेलं मात्र काहीच नाही."

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. हेडफोन लावून इतकी माणसं ऐकली की शब्दांच्या आधी मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. वहिनींचा श्वास चोरी झालेल्या बाईचा नव्हता. त्या स्वतःलाच घाबरल्या होत्या.

ही गोष्ट मी निवृत्त झाले त्या वर्षाची. आज मी ऐंशीच्या घरात आहे. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते दुपारी सांगता येत नाही, पण तो आठवडा मला वारावारासकट पाठ आहे.

माझा दादा मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. ज्या बंदराला जहाज लागेल, तिथून तो वहिनींसाठी चांदीचा एक चमचा आणायचा. बोटभर लांबीचे ते चमचे, आणि दांड्याच्या टोकाला त्या त्या गावाची खूण. कुठे पूल, कुठे घंटा, कुठे शिंगं उगारलेलं हरीण. नोकरीभरात सत्तावीस जमले. पुढच्या खोलीत भिंतीवर काचेच्या दाराचं उथळ कपाट होतं, त्यात नवानवाच्या तीन ओळींत ते टांगलेले असत. आमच्या ऑफिसातही चमचे पुष्कळ होते, पण चांदीचा एकही नव्हता, असं मी म्हणायचे आणि दादा दर वेळी नव्यानं हसायचा.

दादा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. वहिनी एकट्याच राहत. दर महिन्याच्या एक तारखेला त्या सगळे चमचे उतरवून मऊ फडक्यानं पुसत. पॉलिश मात्र कधी नाही. "पॉलिश म्हणजे चांदीची साल काढणं," हे दादाचं वाक्य त्या घरात कायद्यासारखं पाळलं जाई.

"काहीच गेलं नाही तर चोरी कसली?" मी विचारलं.

"चमचे सत्तावीसच आहेत. पण दीपगृहाचा चमचा आपला नाही. कुणीतरी बदललाय." मग आवाज खाली गेला. "साहेब म्हणतो, मला भास होतात. रविवारी ट्रक येतोय, वन्सं. मला घेऊन चाललाय तो."

साहेब म्हणजे वहिनींचा मुलगा, माझा भाचा. चार वर्षांचा असल्यापासून हुकूम सोडायचा म्हणून ते नाव पडलं, आणि पुढे तो खरंच साहेब झाला.

तो दिवस गुरुवार होता.

२

दारातच पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी लागलेली होती. साहेब हातात चिकटपट्टी घेऊन उभा.

"आत्या, बरं झालं आलीस. तूच समजाव तिला. मागच्या महिन्यात नळ उघडा टाकून बाजारात गेली. शेजारणीला तिच्या सासूच्या नावानं हाक मारली. आता हा चमचा."

"शेजारीण दिसतेच सासूसारखी," वहिनी आतून म्हणाल्या. "आणि नळ तूही उघडा टाकायचास, तेव्हा मी ट्रक नव्हता बोलावला."

कान शाबूत होते, जीभही. पण त्या बाहेर आल्या तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या.

त्यांनी दीपगृहाचा चमचा माझ्या हातात दिला. दादानं आणलेला अगदी पहिला. दांड्याच्या टोकाला इवलंसं दीपगृह, आणि चमच्याच्या पोटात गावाचं नाव वळणदार अक्षरांत कोरलेलं.

"आपल्या चमच्याला आतून सोन्याचं पाणी होतं," वहिनी म्हणाल्या. "दिवा आत पेटलाय असं वाटावं म्हणून. ह्यांनी हातात देताना सांगितलं होतं मला. ह्याला आहे का सोनं?"

नव्हतं. आतून तो पांढराशुभ्र चमकत होता.

"कधीच नव्हतं," साहेब म्हणाला. "जन्मापासून बघतोय मी ते कपाट."

मला वाटत होतं, सोनं होतं. पण वहिनींनी तासाभरात ते पाच वेळा सांगितलं होतं, आणि पाचदा ऐकलेली गोष्ट आपल्यालाच आठवते असं वाटू लागतं, हे मी एक्स्चेंजमध्ये शिकले होते. माझ्या आठवणीवर साहेबाचा ट्रक थांबला नसता.

मी चमचा खिडकीपाशी नेला. चष्मा वर ढकलून काठाखालच्या बाजूला अंगठा फिरवला, आणि माझा हात थांबला.

तिथे शेजारी शेजारी दोन बारीक खळगे होते. तांदळाच्या कण्यांएवढे.

त्या खळग्यांची कहाणी जगात मला एकटीला ठाऊक होती. चाळीस वर्षांपूर्वी वहिनी आंघोळीला गेल्या असताना मी त्यांच्या धाकटीला मांडीवर घेऊन भरवत होते. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून, किंवा खरं सांगायचं तर मला हौस म्हणून, मी कपाटातला हाच चमचा घेतला होता. पोरीला नुकतेच खालचे दोन दात आले होते. तिनं असा काही चावा घेतला की मी चमचा पुसून, खळगे मागे राहतील असा टांगून ठेवला आणि आजवर तोंड उघडलं नाही.

म्हणजे चमचा बदललेला नव्हता. तोच होता.

वहिनी माझ्याकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

३

"मला शनिवारपर्यंत वेळ दे," मी साहेबाला म्हटलं.

"कशासाठी?"

"तुझ्या आईसाठी."

आधी मी साहेबालाच समोर बसवलं. कपाटाची किल्ली कुठे असते हे त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं, ती फुलदाणीत असे. पण तो बुधवारी रात्रीच्या गाडीनं आला, आणि वहिनींनी आरडाओरडा केला होता बुधवारी सकाळी, एक तारखेला. चमच्याला जे झालं ते त्याच्या येण्याआधी झालेलं होतं.

"तू तिला न्यायचं कधीपासून मनात धरलंयस?" मी विचारलं.

तो बराच वेळ चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत राहिला. "बाबा गेल्यापासून. आत्या, रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं. चमचा निमित्त आहे गं." श्वास सरळ होता. खोटं नव्हतं.

संध्याकाळी धाकटी आली. ती त्याच गावात पलीकडच्या वस्तीत राही. आल्या आल्या भावाशी भांडली, मग चहा ठेवला, मग रडली.

"सोनं आठवतं का तुला?" मी विचारलं.

"सोनं नाही. पण आत काहीतरी पिवळट होतं खरं. मला वाटायचं, चहाचा डाग." कप तोंडाला लावत ती म्हणाली, "हे इथे नाहीत म्हणून सुखानं चहा पितेय. नाहीतर प्रत्येक घोटाला दातांवर भाषण."

हे म्हणजे तिचे यजमान. ते दातांचे डॉक्टर होते. माणूस सोन्यासारखा, पण लाजाळू. सासूबाईंसमोर आवाज निम्मा व्हायचा. पाठीमागे आम्ही त्यांना दंतोपंत म्हणत असू. समोरच्याशी बोलताना त्यांची नजर डोळ्यांवर नसे, ओठांवर असे. बारा दिवसांच्या शिबिरासाठी ते आडगावांत गेले होते. मागच्याच रविवारी निघाले, त्यामुळे या गोंधळातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

राहिले घड्याळकाका. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि तेही चमचे जमवत. दीपगृहांचे अकरा होते त्यांच्याकडे. बारावा वहिनींच्या कपाटात. गेली पंधरा वर्षं ते वहिनींना दर भेटीत विचारत, "देता का?" आणि वहिनी म्हणत, "मी गेल्यावर या." आठवड्यापूर्वीच ते चमच्यांचे फोटो काढायला येऊन गेले होते, पण रोल अजून धुवायला गेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी चमचा रुमालात गुंडाळून मी त्यांच्या दुकानात गेले.

"बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आलात," मी रुमाल सोडायच्या आधीच ते म्हणाले. "घ्या. मीही घेतला असता."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चमचा दिव्याखाली धरला आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. दुकानातली सगळी घड्याळं तेवढी बोलत होती.

"हा कुणी घासला?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाजात राग होता. "हातानं नाही. फिरत्या चाकावर धरलाय. बघा, अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या."

"चाक तुमच्याकडेही आहे."

"आहे. पण माझी पावडर तांबडी असते." त्यांनी सुईनं अक्षराच्या खाचेतून काहीतरी उकरून कागदावर टेकवलं. करड्या रंगाची खरखरीत पूड. मग दांड्यामागच्या नक्षीतून आणखी एक कण काढला. "आणि हे काय? गुलाबी मेण."

मी कागद जपून दुमडला.

"थांबा," ते म्हणाले. "खाच रिकामी झाली, आता तळ दिसतोय." भिंग काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुम्हीच बघा. मी सांगितलं तर म्हणाल, हा माणूस लबाड."

मी बघितलं. खाचेच्या पार तळाशी, जिथे चाक पोहोचत नाही, तिथे केसाएवढी एक पिवळी रेघ होती. पुढच्या अक्षरातही. त्याच्या पुढच्याही.

"वहिनींना सांगा," घड्याळकाका म्हणाले, "सोनं होतं."

मी त्यांच्या स्टुलावर बसून घेतलं. कालपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

४

तो फार वेळ बाजूला राहिला नाही.

"ठीक आहे, सोनं होतं," साहेब म्हणाला. "मग ते घासलं कुणी? घरात राहतं कोण? आत्या, तिनं स्वतःच घासला असणार. आणि विसरली. हे तर जास्तच वाईट झालं."

"चाकावर घासलाय. तिच्याकडे चाक आहे?"

"हे तो घड्याळवाला म्हणतो. त्याला तो चमचा हवाय."

वहिनी उठून आत गेल्या आणि आपल्या साड्या एका खोक्यात रचू लागल्या. चाळीस वर्षं दादाच्या नियमानं चमचे पुसणारी बाई, आणि तिलाच आता वाटायला लागलं होतं की आपणच साल काढली असेल. मी दारातून ते पाहिलं. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी मी चहा आणि बिस्किटं घेऊन त्यांच्याजवळ बसले.

"वन्सं, खरं सांगा. मीच केलं असेल का हो?"

"आधी खाऊन घ्या."

"ही नवी कवळी बिस्किटाला टोचते." त्यांनी तोंडावर पदर धरून कवळी काढली आणि पाण्याच्या वाटीत ठेवली. "दंतोपंतांनी जीव ओतून केलीय. तीनदा घरी येऊन मापं घेतली. मी डोळे मिटून पडलेली असायची आणि ते बिचारे बाहेर कपाटासमोर ताटकळत."

खिडकीत पुठ्ठ्याची एक छोटी पेटी होती. त्यात आधी मापासाठी आणलेली कवळी होती, दात पक्के करण्यापूर्वी जी नुसती बसवून बघतात ती. तिच्या हिरड्या मेणाच्या होत्या.

गुलाबी मेणाच्या.

मी त्या पेटीकडे बघत राहिले, आणि मला माझी स्वतःची कवळी आठवली. तीही दंतोपंतांनीच केलेली. पहिल्या दिवशी घातली तेव्हा भाताचा पहिला घास वाळूत पडल्यासारखा लागला होता. काढून पाहिली तर टाळूकडच्या खाचेत करडी पूड अडकली होती. "माफ करा आत्या," ते ओशाळून म्हणाले होते, "चाकावर घासताना राहिली."

"वहिनी, ते शेवटचे कधी आले होते?"

"कवळी बसवली तेव्हा. ते शिबिराला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी. वन्सं, तुम्ही हसताय का?"

"मला एक फोन करायचाय," मी म्हटलं.

५

मोबाइल तेव्हा सगळ्यांच्या हातात आले नव्हते. शिबिर एका शाळेत होतं आणि शाळेत फोन नव्हता. पण एक्स्चेंजमध्ये माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता तिथली मुख्य होती. "मॅडम, तुम्ही फक्त गावाचं नाव सांगा," ती म्हणाली. वीस मिनिटांत तिनं शाळेसमोरच्या पिठाच्या गिरणीतला फोन शोधून काढला. कुणीतरी धावत गेलं. तोवर साहेब, धाकटी आणि वहिनी माझ्याभोवती उभे राहिले होते.

"हॅलो, आत्या?" मागे गिरणी घरघरत होती. "सगळे ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. एक विचारायचं होतं. दीपगृहाचा चमचा..."

"पाहिला का सासूबाईंनी?" त्यांचा आवाज एकदम उजळला. सासरच्या फोनवर त्यांना इतकं मोकळं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात त्यांना सत्तर पूर्ण होतात ना, म्हणून म्हटलं काहीतरी करावं. सांगायला संकोच वाटला, आपणहून लक्षात येईल असं वाटलं. शेवटचं माप घेतलं तेव्हा दवाखान्यात नेला, चाकावर धरला आणि कवळी बसवली तेव्हा परत टांगला. आत फार जुना पिवळा डाग होता, आत्या. निघता निघेना. अर्धा तास लागला."

मी रिसीव्हरवर हात ठेवला. आयुष्यभर पिवळं दिसलं की घासायचं, हेच काम केलेला माणूस. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती.

"घासलेला तोच?" मी पुन्हा विचारलं. "बाकीचे नाही?"

"तोच एक पिवळा होता. बाकीचे काळपट आहेत, ते वेळ मिळाला की करीन."

"सावकाश करा," मी घाईघाईनं म्हटलं. "हे सगळं एकदा तुमच्या मेहुण्यांना सांगता का?"

साहेबानं रिसीव्हर घेतला. तो ऐकत होता आणि त्याचे कान लाल होत होते. "हो," तो म्हणाला. मग, "डाग. हो." मग, "नाही नाही, आई खूश आहे." फोन ठेवून तो खोक्यावर बसला. खोकं दबलं.

वहिनी अजून उभ्याच होत्या.

"म्हणजे सोनं होतं," त्या म्हणाल्या.

"होतं."

"आणि मी घासला नाही."

"नाही, वहिनी."

"म्हणजे माझं डोकं जागेवर आहे."

"आमच्यापेक्षा," धाकटी म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडली. हसू आणि रडू यांतलं काय करावं ते तिला ठरवता येईना.

वहिनींनी डोळे मिटून लांब श्वास सोडला. पलीकडून आवाज आला की फोन धरून वाट पाहणाऱ्या माणसाचा श्वास सुटतो तसा. इतकी माणसं ऐकली मी, पण इतकं सुटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"आई," साहेब खाली बघत म्हणाला, "मी ट्रकवाल्याला फोन करतो."

"कर. आणि ती खोकी टाकू नकोस. माळ्यावरची तुझी शाळेची पुस्तकं भरून घेऊन जा. चाळीस वर्षं मी सांभाळतेय." मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दर रविवारी मीच फोन करीन. तुझ्या छातीत धस्स व्हायला नको."

मग आमच्याकडे वळून त्यांनी दटावलं. "दंतोपंतांना सोन्याचं कुणी बोलायचं नाही. सोन्याचे दात बसवतो तो माणूस. कळलं तर आयुष्यभर मला तोंड दाखवणार नाही."

"पण गेलेल्या सोन्याचं काय?" साहेबानं विचारलं.

"गेलंय कुठे? अक्षरांत आहे ना खाली. मला माहीत असलं की झालं."

६

पुढच्या शनिवारी दंतोपंत शिबिराहून परतले. घरात आम्ही सगळे होतो, घड्याळकाकासुद्धा. त्यांची आम्ही माफी मागितली होती. त्यांनी ती स्वीकारली आणि लगेच विचारलं होतं, "मग, देता का?"

दंतोपंत कपाटासमोर उभे राहिले. मधल्या ओळीत दीपगृहाचा चमचा सव्वीस सावळ्या भावंडांत नवरदेवासारखा लखलखत होता.

"छान दिसतो," वहिनी म्हणाल्या.

त्यांचा चेहरा असा फुलला की सोनं गेल्याचं मलाही काही वाटेनासं झालं. "बाकीचे सव्वीस करून देऊ?"

"नको," आम्ही चौघं एका सुरात म्हणालो. घड्याळकाकांना ठसका लागला.

"जावईबापू," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही माझे दात बघा. चमचे मी बघते."

त्यांनी मान डोलावली. मग चमचा खाली उतरवून उलटा धरला. "एक जागा मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली. इथे काठाखाली दातांच्या खुणा आहेत. लहान बाळाचे, खालचे पुढचे दोन. नुकतेच आलेले असणार. मला वाटलं, ह्या घासू नयेत." त्यांनी चमचा धाकटीच्या हातात दिला. इतकी वर्षं लग्न झालेली बाई, नवऱ्याकडे बघून लाजली.

वहिनींनी चमचा घेतला, चष्मा लावला, खळग्यांवरून बोट फिरवलं. आणि सावकाश मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"वन्सं, ह्या चमच्यानं धाकटीला कुणी भरवलं होतं?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. आठवडाभर या घरात आठवणीचीच परीक्षा चालली होती, आणि वहिनी पहिल्या नंबरानं पास झाल्या होत्या.

"काय की," मी म्हटलं. "माझं वय झालं, वहिनी. मला आठवत नाही."